झाडावरची नोटीस आणि सात दिवस : 'हरकती व सूचना' म्हणजे नेमकं काय?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन झाडं होती, दोन गुलमोहर आणि एक करंज. गेल्या वर्षी मे महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी करंजाच्या बुंध्याला सुतळीने एक कागद बांधलेला दिसला. वर ठळक अक्षरांत 'जाहीर नोटीस'. खाली झाडांचे क्रमांक, जात, बुंध्याचा घेर आणि तोडण्याचं कारण : 'प्रस्तावित प्रवेशद्वारास अडथळा'. अगदी तळाला बारीक टायपात लिहिलं होतं की, याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

कुणीतरी फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रात्री उशिरापर्यंत मेसेज येत राहिले. निषेध, रडके चेहरे, 'यांना विचारणारं कुणी नाही', 'सगळं आधीच ठरलेलं असतं'. शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी दुपारी मी कार्यालयात गेले, तेव्हा आवक नोंदवहीत त्या तीन झाडांबद्दलचा पहिला कागद माझा होता. चार दिवसांत एकाही माणसाची लेखी हरकत आलेली नव्हती.

ग्रुपवर लिहिलेलं ते मत. टपाल शाखेत देऊन पोच घेतली की तीच गोष्ट हरकत होते. मताला उत्तर देण्याचं बंधन कुणावरही नाही. हरकतीचा विचार करणं हे मात्र कायद्याने अधिकाऱ्याच्या गळ्यात घातलेलं काम आहे, आणि ते न करता घेतलेला निर्णय न्यायालयात उभा राहीलच असं नाही. इतकं मोठं हत्यार आपल्या हातात असताना आपण ते वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं मुळापासून सांगते.

सरकारने प्रत्येक निर्णयाआधी लोकांना विचारलंच पाहिजे, असं संविधानात सरसकट लिहिलेलं नाही. विचारण्याची सक्ती त्या त्या कायद्यात असते. शहरातलं झाड तोडायचं तर महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागतो. त्यानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावर ठळक दिसेल अशी नोटीसही लावावी लागते. शहराचा विकास आराखडा करायचा तर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात. त्याच्या कलम २६ खाली आधी प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती मागवल्या जातात. तुमची जमीन सार्वजनिक कामासाठी संपादन होणार असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १५ तुम्हाला प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस देतं. विजेचे दर वाढवायचे असतील तर २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे वीज नियामक आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच, अर्ज आल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्या सुनावणीत बोलायला वकील असावं लागत नाही. वीजबिल भरणारा कुणीही माणूस उभा राहू शकतो.

आता नियमांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. कायदा विधिमंडळ करतं. पण फी किती, अर्ज कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत आणि कुणाकडे करायचा, हे बहुतेक वेळा कायद्यात नसतंच. ते नियमांत असतं, आणि नियम मंत्रालयातलं संबंधित खातं करतं. आपल्या रोजच्या जगण्याला कायद्यापेक्षा नियमच जास्त चिकटलेले असतात. मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून' असे शब्द असतील, तर खात्याला नियमांचा मसुदा आधी राजपत्रात छापावा लागतो, कोणत्या तारखेनंतर तो विचारात घेतला जाईल ते सांगावं लागतं आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकतींवर विचार करावा लागतो. ही रीत महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या, म्हणजे 'जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट'च्या, कलम २४ मध्ये घालून दिली आहे, आणि तो कायदा १९०४ सालचा आहे. इंग्रजांच्या राज्यातसुद्धा मसुदा आधी छापून लोकांना दाखवायची पद्धत होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हल्ली एखादा अधिकारी 'तुम्हाला विचारायची गरजच काय' अशा सुरात बोलतो, तेव्हा मला ते साल आठवतं.

उलट, विधिमंडळात येणाऱ्या विधेयकांसाठी अशी सक्ती नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१४ मध्ये एक धोरण ठरवलं की, विधेयकाचा मसुदा मांडण्याआधी निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. पण ते केंद्राच्या खात्यांसाठीचं धोरण आहे, कायदा नाही, आणि राज्यांना ते बांधील नाही. अध्यादेशाचं तर बोलायलाच नको. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली अध्यादेश काढतात आणि तो त्याच दिवसापासून लागू होऊ शकतो. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही तर तो संपतो. मधल्या काळात नागरिकाला विचारणारं कुणी नसतं. माझ्या मते आपल्या राज्याच्या कारभारातली ही सर्वांत मोठी फट आहे. झाड तोडायचं तर नोटीस लावायची आणि कायदा करायचा तर एका रात्रीत, हे मला पटत नाही.

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकण्याची एक वाट मात्र आहे : संयुक्त समिती. दोन्ही सभागृहांतल्या सर्व पक्षांच्या सदस्यांकडे विधेयक पाठवायचं आणि समितीने सूचना मागवायच्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी हे झालं. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर होताना त्यात काही बदल झालेले होते. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असं मोघम लिहिलं होतं, तिथे कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला. सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा किमान दर्जा वाढवला गेला. विरोध करणाऱ्यांना हे बदल पुरेसे वाटले नाहीत आणि त्यांचे आक्षेप अजून संपलेले नाहीत. तरीही समितीकडे गेलेलं विधेयक आणि तिथून बाहेर पडलेलं विधेयक शेजारी ठेवून वाचलं, तर लोकांनी लिहून पाठवलेल्या कागदांचा धक्का कुठे लागला ते दिसतं. प्रत्येक महत्त्वाचं विधेयक या वाटेने जायला हवं असं मला वाटतं.

आता दोन मोठी उदाहरणं सांगते. दोन्ही मुंबईची, दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत घडलेली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. विकास आराखडा म्हणजे शहराच्या प्रत्येक तुकड्याची कुंडली. इथे मैदान, इथे शाळा, इथे रस्ता रुंद होणार, इथे किती मजले चढवता येणार, हे सगळं त्यात येतं. तुमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर 'उद्यान' असं आरक्षण असेल, तर उद्या तिथे टॉवर येणं अवघड होतं. ते आरक्षण नकाशावरून पुसलं गेलं, तर उद्यानही गेलं.

नकाशे लोकांनी उघडून पाहिले आणि चुका निघू लागल्या. जिथे उभ्या इमारती आहेत तिथून रस्ते काढलेले. वारसा वास्तू गायब. गावठाणं आणि कोळीवाडे नीट दाखवलेलेच नाहीत. आरे कॉलनीची जमीन विकासाला खुली केलेली. काही भागांत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, थेट ८ पर्यंत. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. नगररचनेतल्या जाणकारांनी वॉर्डावॉर्डांत नकाशे समजावून सांगितले, 'हमारा शहर मुंबई अभियान'सारख्या मंचांनी वस्त्यांमध्ये बैठका घेतल्या. कोळी बांधव आले, ख्रिस्ती गावठाणांतली मंडळी आली, गृहनिर्माण संस्था, वास्तुविशारद, फेरीवाले आले. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला आणि 'अमुक पत्रकावर अमुक ठिकाणी ही चूक आहे' असं लिहून दिलं. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. एप्रिल २०१५ मध्ये, मुदत संपता संपता, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा रद्द करून नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, त्यावर पुन्हा हजारोंनी हरकती गेल्या, आणि अंतिम आराखड्याला राज्य सरकारची मंजुरी मिळायला मे २०१८ उजाडला.

दुसरं उदाहरण २०१९ चं. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची होती. झाडतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाकडे आलेल्या हरकतींचा आकडा ८० हजारांच्या वर गेला, म्हणजे विकास आराखड्यापेक्षाही जास्त. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये प्राधिकरणाने २,६४६ झाडं तोडण्याचा आणि पुनर्रोपण करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पहाटे आरेच्या रस्त्यावर उभी राहिलेली आणि पोलिसांनी ताब्यात घेतलेली तरुण मुलं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

६५ हजारांनी आराखडा फिरला आणि ८० हजारांनी झाडं वाचली नाहीत. असं का?

कायद्यात हरकतींची मतमोजणी नसते, हे पहिलं कारण. हरकत म्हणजे मतदान नव्हे. एक लाख लोकांनी 'आमचा विरोध आहे' असं एकाच मजकुरात लिहिलं, तर कार्यालयाच्या टिपणीत तो एक मुद्दा होतो आणि त्यावर एक अभिप्राय लिहिला जातो. २०१५ च्या हरकतींमध्ये हजारो वेगवेगळे, जागेवर जाऊन तपासता येतील असे मुद्दे होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागलं असतं आणि खोटं उत्तर लगेच उघडं पडलं असतं. आरेच्या वेळी बहुसंख्य नागरिकांचं म्हणणं एकच होतं. ते खरं होतं, मनापासून होतं, पण प्रशासनाकडे त्यासाठी 'प्रकल्प सार्वजनिक हिताचा आहे' हे तयार उत्तर होतं. आणि राजकीय परिस्थिती होतीच. आराखड्याने सर्व थरांतले, सर्व पक्षांचे मतदार एकदम दुखावले होते. कारशेडच्या बाबतीत शहर दोन भागांत वाटलं गेलं होतं. तो भाग कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण तो नाकारून चालणार नाही.

म्हणून हरकत लिहायची कशी, यावर जरा सविस्तर बोलते. मला हे शिकवलं आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी. ते नगररचना विभागातून निवृत्त झालेत आणि आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेत. माझा पहिला मसुदा त्यांना दाखवला. त्यात झाडांची सावली, पक्षी, लहानपणच्या आठवणी असं सगळं होतं. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, मन भरून आलं वाचून. पण यावर साहेब शेरा काय मारणार? 'वाचले', एवढंच. त्याला पेन उचलून काहीतरी लिहावं लागेल असं लिही."

मग आम्ही दोघं टेप घेऊन खाली गेलो. गेटची प्रस्तावित जागा, झाडांमधलं अंतर, पलीकडच्या भिंतीपर्यंतची मोकळी जागा, सगळं मोजलं. करंज फाटकाच्या वाटेत येत होता तो जेमतेम दीड फूट. फाटक चार फूट डावीकडे सरकवलं असतं तर करंजाला हात लावायची गरजच नव्हती. काकांनी माझ्या मुलाच्या आलेखवहीचं पान फाडून त्यावर पेन्सिलीने नकाशा काढला. हरकतीत आम्ही एवढंच लिहिलं : झाड क्रमांक अमुक, नोटिशीचा क्रमांक व दिनांक अमुक, कारण 'प्रवेशद्वारास अडथळा' असं दिलं आहे, पण सोबतच्या मोजमापानुसार प्रवेशद्वार चार फूट सरकवल्यास अडथळा राहत नाही, सबब परवानगी देऊ नये, आणि समक्ष सुनावणी मिळावी.

'सुनावणी मिळावी' हे शेवटचे शब्द फार मोलाचे आहेत. विकास आराखड्यात कलम २८ प्रमाणे नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. ज्यांनी हरकतीत आपलं म्हणणं समक्ष मांडायची मागणी केली आहे, त्यांना समितीने बोलवायचं असतं. मागणीच केली नसेल, तर बोलावलं नाही ही तक्रार करायला जागा उरत नाही.

अर्ज दोन प्रतींत करायचा. एक त्यांना, दुसरीवर पोच. पोच म्हणजे आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही, चारही. माझ्या वेळी टेबलावरच्या बाईंनी कागद ठेवून घेतला आणि "ठीक आहे, जा" म्हणाल्या. मी पोच मागितली. "ठेवलाय ना?" "हो ताई, पण शिक्का द्या." त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाई सुकलेली होती, दोनदा दाबला तेव्हा कुठे तारीख उमटली. नंतरच्या तीन महिन्यांत तो जांभळा चौकोन मला चार वेळा दाखवावा लागला. ईमेलने हरकत घेतात तिथेही आलेलं उत्तर जपून ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवा.

मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. झाडाला साधारण सात दिवस, आराखड्याला ३० किंवा ६० दिवस. दिवस मोजताना नोटीस वर्तमानपत्रात कधी आली, राजपत्रात कधी आली आणि जागेवर प्रत्यक्ष कधी लागली, या तिन्ही तारखा टिपून ठेवा. झाडावरचा कागद शेवटच्या दिवशी लागला असेल, तर तीच एक स्वतंत्र हरकत होते. नोटीस ज्या दिवशी दिसली त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह तिचा फोटो काढायची सवय आता मला लागली आहे.

गावाकडच्या लोकांना यातली एक सुनावणी जवळून माहीत असते, ती म्हणजे पर्यावरणाची जनसुनावणी. खाण, मोठा कारखाना, वीज प्रकल्प यांसाठी केंद्र सरकारच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती घ्यावी लागते. ३० दिवस आधी सूचना, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, आणि सगळ्याचं चित्रीकरण. इथे गणपूर्ती नसते, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. त्यामुळे बहिष्कार टाकून घरी बसणं अंगाशी येतं. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. सुनावणीच्या शेवटी झालेल्या कामकाजाचं इतिवृत्त तिथेच, लोकांच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. तुम्ही बोललेला मुद्दा वाचनात आला नाही, तर तिथल्या तिथे उभं राहून 'माझा मुद्दा राहिला' असं सांगायचं. मंडपातली माणसं जेवणाची वेळ झाली म्हणून उठून जातात आणि नेमकं हेच वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं.

भाषेचा प्रश्न यातच येतो. २०२० मध्ये केंद्राने याच अधिसूचनेचा नवा मसुदा काढला. त्यात जनसुनावणीची ३० दिवसांची मुदत २० वर आणायचा प्रस्ताव होता, आणि हा मसुदा फक्त इंग्रजी व हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत वाढवली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं. कोकणातल्या मच्छीमाराला किंवा चंद्रपूरच्या शेतकऱ्याला न कळणाऱ्या भाषेत त्याचं मत विचारणं म्हणजे न विचारणंच. आपल्या राज्यात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, आणि स्थानिक संस्थांनाही मराठी सक्तीची करणारा २०२२ चा कायदा आहे. तरीही मोठ्या आराखड्यांचे अहवाल आधी इंग्रजीत येतात आणि मराठी प्रत मागाहून मागावी लागते. मुदत मात्र इंग्रजी प्रतीपासून मोजली जाते. हे थांबलं पाहिजे.

गोव्याने या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्यात हिरव्या टेकड्या आणि शेतजमिनी बांधकामाखाली गेल्याचं लोकांनी नकाशांवरून दाखवून दिलं. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा, २०२१ पर्यंतचा आराखडा करताना नकाशे पंचायतींपर्यंत नेऊन गावोगावची मतं घेतली गेली. पण पुढे नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली लोकांना न विचारता जमिनीचा वापर बदलायची सोय झाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. एकदा मिळवलेला विचारलं जाण्याचा हक्क दुसऱ्या दाराने कसा निसटतो, ते गोव्यातल्या मंडळींनी जवळून पाहिलं आहे.

सुनावणी होऊन गेल्यावर काय? इथे आपली व्यवस्था सगळ्यात कमी पडते. निर्णयात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : 'प्राप्त हरकती व सूचनांचा यथोचित विचार करण्यात आला आहे.' काय विचार केला, का फेटाळली, काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या बस राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात १९५९ मध्येच सांगितलं की, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं असं झालं तर सुनावणी हा पोकळ उपचार ठरतो. जमीन संपादनातल्या हरकतीच्या हक्काला याच न्यायालयाने २००५ च्या एका निकालात जवळपास मूलभूत हक्काइतकं महत्त्व दिलं. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. पण प्रत्येक झाडासाठी न्यायालयात कोण जाणार?

त्याआधीची पायरी माहिती अधिकाराची आहे. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख) आणि त्यातले १७ मुद्दे बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ असतात, पण त्याच्या लगेच पुढची दोन कलमं कुणी उघडत नाही. ४(१)(ग) म्हणतं, लोकांवर परिणाम करणारं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व महत्त्वाची तथ्यं प्रसिद्ध करा. ४(१)(घ) म्हणतं, प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना द्या. कारणं देणं हे कायद्याने आधीच सांगितलेलं कर्तव्य आहे, कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. मागायचं काय, तर आपल्या आवक क्रमांकाच्या हरकतीवर लिहिलेल्या टिपणीची प्रत, सुनावणीचं इतिवृत्त आणि निर्णयाची कारणं. 'का फेटाळली?' असा प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो.

राज्य सरकारने एक गोष्ट केली तर अर्धं दुखणं कमी होईल. प्रत्येक हरकतीपुढे एका ओळीत तिचं काय झालं ते लिहून तो तक्ता निर्णयासोबत प्रसिद्ध करावा. मान्य, अंशतः मान्य, अमान्य आणि कारण. आराखड्यांच्या बाबतीत नियोजन समितीचे अहवाल काही प्रमाणात असं करतात, म्हणजे जमतं. मग झाडांसाठी, नियमांच्या मसुद्यांसाठी, प्रभाग रचनेसाठी का नको? आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं हे माणसाला कळलं, तर पुढच्या वेळी तो पुन्हा लिहितो.

आमच्या सुनावणीला मला चार-पाच मिनिटं मिळाली. अधिकाऱ्यांनी आलेखवहीचं पान उलटसुलट करून पाहिलं, समोरच्या बाजूच्या माणसाला विचारलं, "फाटक सरकतं का?" तो म्हणाला, बघावं लागेल. ऑगस्टमध्ये आदेश आला. दोन्ही गुलमोहरांना परवानगी, करंजाला नाही. गुलमोहरांबद्दल आदेशात एक शब्दही नव्हता, म्हणून माहिती अधिकारात टिपणी मागवली. त्यात एकाचा बुंधा आतून पोखरल्याचा शेरा आहे, दुसऱ्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. त्या दुसऱ्यासाठी मी पहिलं अपील केलं, पण अपिलाची तारीख लागेपर्यंत झाड गेलं होतं. अपील मी मागे घेतलेलं नाही. कारण मला कागदावर हवं आहे.

फाटक चार फूट डावीकडे बसलं. काल संध्याकाळी गल्लीतून येताना नाक्यावरच्या कडुनिंबाला सुतळी दिसली. मुदत पुढच्या बुधवारपर्यंत आहे. काकांना मी टेप काढून ठेवायला सांगितलं आहे, आणि या वेळी ग्रुपवर फोटोच्या खाली कार्यालयाचा पत्ता, नोटिशीचा क्रमांक आणि 'दोन प्रती आणा' एवढंच टाकलं आहे. रात्रीपर्यंत सात जण येतो म्हणाले.